पोटातली रेघ

सुर्खेतच्या परीक्षाकेंद्रातले बावीस संगणक
काल रात्री मी एकेक करून जागे केले.
सतराव्याचा स्पेसबार रुसतो,
त्याच्याखाली काडेपेटीचा तुकडा सारला.
माझं पद : कंत्राटी. वर्ष सहावं.
याच नोकरीसाठी मी तीनदा बसलो
आणि तीनदा लेखीतच पडलो.
कुठला कायदा कुठल्या सालचा
हे मला कधी पाठ झालं नाही.
प्रिंटर मात्र माझं ऐकतात.

सतराव्यावर आली जौकला रोकाया, जुम्ल्याची.
दीड दिवस बसमध्ये, कर्णालीच्या कडेकडेनं.
येताना वाटभर गुडघ्यावर टंकत आली असणार,
खुर्चीत बसली तरी बोटं थांबली नव्हती.

आणि वीज गेली.
मी जनरेटरची दोरी ओढत राहिलो,
खोली अंधारात कुजबुजत राहिली.
तिनं खिशातून सुकवलेल्या सफरचंदाच्या चकत्या काढल्या,
एक मला दिली.
म्हणाली, आमच्या वडा कार्यालयात मी फुकट बसते,
म्हाताऱ्यांच्या भत्त्याची नावं भरायला.
दलबीर बाजे म्हणून एक आहेत.
नागरिकतेवर ब, यादीत व.
व च्या पोटात तिरपी रेघ ओढली की ब,
तेवढीच रेघ.
सात महिने भत्ता नाही.
बाजे रोज यायचे, काठी दाराशी ठेवायचे,
विचारायचे : माझ्या पोटातली रेघ सापडली का?

वीज आली.
पाच मिनिटं, देवनागरी,
समोरचा उतारा जसा आहे तसा.
मी नियमाप्रमाणे मागे उभा.
नियमाप्रमाणे पडद्याकडे बघायचं नाही.
बघितलं.

उताऱ्यात कुणी एक रणबीर होता,
पूल बांधून घेतलेला, गावाचा लाडका.
तिसऱ्या ओळीत तोच रणवीर झाला होता.
छापणाऱ्याची डुलकी.
तिची बोटं पळत होती, पुलावरून शेळ्या पळतात तशी,
तिसऱ्या ओळीतही तिनं रणबीरच लिहिलं
आणि पुढे गेली.
मग थांबली.
घड्याळात एक मिनिट अकरा सेकंद.

मला माहीत होतं तिला काय माहीत आहे ते.
तपासणारा माणूस रणबीरला ओळखत नाही,
तो कागदाला कागद लावून बघतो.
बरोबर लिहिलं तर चूक.

ती मागे आली.
ब खोडला.
व लिहिला.
इतक्या हळू, की मला वाटलं कळ अडकली
आणि मी पाऊल पुढे टाकलं.
तिनं मान हलवली. कळ ठीक होती.

बाहेर जाताना ती चपला घालत बराच वेळ वाकून बसली.
मी म्हणालो, केलंत ते बरोबर केलंत.
म्हणाली, बरोबर कुठे,
जसं आहे तसं केलं.
आणि बस सुटेल म्हणून पळाली.

तीन आठवड्यांनी यादी आली.
जागा एक.
चिकटवायचं काम माझ्याचकडे :
चार टाचण्या, काचेचा फलक, कुलूप.
चौथी टाचणी टोचताना नाव वाचलं.
जोकला रोकाया.

एक मात्रा कमी.
नेमणुकीला येताना ती नागरिकता आणील,
कुणीतरी कागदाला कागद लावील
आणि म्हणेल, या नंतर.
हे नंतर किती महिन्यांचं असतं
ते तिला तोंडपाठ आहे.

संध्याकाळ झाली, साहेब गेले.
खालच्या मजल्यावरचा प्रिंटर
कुणी न सांगता एकदा घुरघुरला.
माझं पद : कंत्राटी.
खिशात काळ्या शाईचं पेन.
फलकाच्या कुलपाची किल्ली
सहा वर्षं माझ्याकडेच असते.